असमानता सोडवणे (स्पर्धा परीक्षा)

दोन बैजिक राशींमधला लहान-मोठेपणा सांगणारे विधान म्हणजे असमानता. वर्गसमीकरणाची उकल फार तर दोन संख्यांत संपते. असमानतेची उकल मात्र बहुधा संख्यारेषेचा अख्खा तुकडा असतो. > आणि < ही चिन्हे टॉमस हॅरियट याच्या ग्रंथात, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये, प्रथम छापली गेली.

दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते, हा नियम मुलांना पाठ असतो. घात होतो तो छेदात चल आल्यावर. उदाहरणार्थ, (क्ष + २)/(क्ष − ३) ≤ २. सवयीने तिरकस गुणाकार केला की क्ष + २ ≤ २क्ष − ६, म्हणून क्ष ≥ ८ असे उत्तर येते, आणि पर्यायांत ते हटकून दिलेले असते. पण क्ष − ३ धन की ऋण, हेच अजून ठरलेले नाही. म्हणून २ डावीकडे आणून (क्ष − ८)/(क्ष − ३) ≥ ० असे रूप करावे, संख्यारेषेवर ३ व ८ मांडावेत आणि प्रत्येक भागातले चिन्ह पाहावे. खरी उकल: क्ष < ३ किंवा क्ष ≥ ८. छेद शून्य होतो म्हणून ३ वगळायचा, ८ घ्यायचा. क्ष = ० ठेवून पाहिले तरी पहिले उत्तर अपुरे असल्याचे लगेच कळते. अशी किंमत घालून पर्याय गाळणे ही उत्तम पडताळणी आहे. तिलाच पद्धत मानणे घातक. जेईई मेनमध्ये चुकलेल्या बहुपर्यायी उत्तराला एक गुण कापला जातो, एमएचटी-सीईटीत कापला जात नाही. तरी रीत दोन्हीकडे हीच.

मुंबईत कांदिवलीला मुख्यालय असलेल्या आयबीपीएस या बँकभरती संस्थेच्या परीक्षांत हा विषय वेगळ्या वेषात येतो. क्ष² − ७क्ष + १२ = ० आणि य² − ९य + २० = ० अशी जोडी देऊन क्ष व य यांतला संबंध विचारतात. क्षची मुळे (किमती) ३, ४ आणि यची ४, ५. म्हणून क्ष ≤ य. मुळे एकमेकांत मिसळली, म्हणजे कधी क्ष मोठा तर कधी य मोठा निघाला, तर ‘संबंध ठरवता येत नाही’ हा पर्याय. क्ष² = १६ असेल तर क्ष ±४, पण क्ष = √१६ असेल तर फक्त ४; इथे भलेभले फसतात. प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या पूर्वपरीक्षेत गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम ३४ सेकंद मिळतात. त्यामुळे अवयव तोंडी पाडण्याचा सराव लागतोच.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होणाऱ्या गणित ऑलिंपियाडमध्ये पर्याय नसतात; तिथे असमानता सिद्ध करावी लागते. अ, ब धन असतील तर (√अ − √ब)² ≥ ०, आणि त्यावरून (अ + ब)/२ ≥ √(अब). दोन्ही बाजू समान होतात त्या फक्त अ = ब असताना.