कुकरबिटुरिल

कुकरबिटुरिल हा मधोमध पोकळ असलेला वलयाकार सेंद्रिय रेणू आहे. भोपळा, काकडी, दुधी ज्या कुकरबिटेसी कुळातले, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. देठ आणि बूड कापून गर काढलेला लाल भोपळा आठवावा : पोट फुगीर, वरचे-खालचे तोंड त्याहून अरुंद.

पदार्थ मात्र नावाहून बराच जुना. १९०५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रोबर्ट बेरेंड व सहकाऱ्यांनी ग्लायकोल्युरिल (नायट्रोजनयुक्त छोटा सेंद्रिय रेणू) आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून आम्लात तो बनवला, पण त्याची रचना कळायला १९८१ उजाडले. शिकागोच्या विल्यम मॉक यांच्या गटाने क्ष-किरणांच्या मदतीने ती दाखवली : ६ ग्लायकोल्युरिल एकके आणि त्यांना सांधणारे १२ मेथिलीन (CH₂) पूल. साध्या पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही. मॉक यांचे प्रयोग पाणी मिसळलेल्या फॉर्मिक आम्लात झाले.

१९८३ मध्ये याच गटाने त्याला उत्प्रेरक म्हणून वापरले. दोन्ही तोंडांच्या काठावर कार्बोनिल गटांतले ऑक्सिजन अणू असतात आणि ते धनभारित अमोनियम टोकांना धरून ठेवतात. अशी टोके असलेला एक अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंधाचा रेणू) व एक ॲझाइड (ओळीने तीन नायट्रोजन असलेला रेणू) घेतला, की एक या तोंडातून शिरतो, दुसरा त्या तोंडातून. शेपट्या काठाला अडकतात आणि क्रियाशील टोके आत समोरासमोर येऊन जुळतात आणि ट्रायझोल हे पाच अणूंचे वलय बनते. अभिक्रियेचा वेग सुमारे ५५,००० पट वाढला. एरवी ट्रायझोलचे दोन समघटक (तेच अणू, वेगळी मांडणी) मिळतात, इथे १,४ हा एकच मिळाला; दुसऱ्याच्या वाकड्या बांध्याला पोकळीत जागाच नाही. अल्काइन-ॲझाइड जोडणारी, तांब्याच्या उत्प्रेरकाने गाजलेली ‘क्लिक’ अभिक्रिया यानंतर जवळपास दोन दशकांनी आली.

तरीही उद्योगाच्या दृष्टीने हा उत्प्रेरक लंगडाच. तयार झालेल्या ट्रायझोलच्या दोन्ही टोकांना अमोनियम असल्याने तो वलयात घट्ट बसतो आणि लवकर निघत नाही. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्रात, म्हणजे रेणू एकमेकांना कसे धरून ठेवतात याच्या अभ्यासात, अशा जोडीला यजमान आणि पाहुणा म्हणतात. इथे पाहुण्याचा पाय निघत नाही, म्हणून यजमान पुढच्या फेरीसाठी मोकळा होत नाही. शिवाय अल्काइन जास्त झाला तर दोन्ही तोंडांतून तोच घुसतो आणि ॲझाइड बाहेर ताटकळतो.

पण हीच अडवणूक दुसरीकडे उपयोगी पडली. अल्काइन व ॲझाइड यांच्या बाहेरच्या टोकांना आधीच जाडजूड गट जोडले, तर ट्रायझोल बनताच वलय दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखे कायमचे अडकते आणि रोटॅक्सेन तयार होतो. २००० मध्ये दक्षिण कोरियातील किमून किम यांच्या गटाने ५, ७ आणि ८ एककांची वलये वेगळी केली. त्यांपैकी ८ एककांच्या पोकळीत स्टिल्बीन प्रकारचे (मध्ये दुहेरी बंध, दोन्ही बाजूंना बेंझिन वलय) दोन रेणू शेजारी-शेजारी मावतात आणि प्रकाश पडताच एकमेकांशी जोडले जातात.