नागपूर–मुंबई विमान अंतर आणि प्रवासाचा वेळ

नागपूरच्या सोनेगाव इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून (कोड एनएजी) मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ हवाई अंतर साधारण 680 किमी, म्हणजे 370 नॉटिकल मैलांच्या (विमान-जहाजांसाठी वापरतात त्या मैलांच्या) आसपास. हे अंतर पृथ्वीची गोलाई धरून अक्षांश-रेखांशावरून काढतात, त्यात नदी, डोंगर, घाट काही मोजत नाहीत. नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समधल्या झिरो माइल या जुन्या अंतरदर्शक खांबावर जबलपूर, रायपूर, हैदराबादची जी अंतरं कोरलीयत ती मैलात आहेत, त्यांचा आणि विमानाच्या किलोमीटरचा मेळ बसवत बसू नये.

आता वेळेचं. जेट विमान वर गेलं की ताशी 800 किमीच्या आसपास पळतं, त्या हिशोबाने 680 किमी पाऊण-एक तासात उरकायला हवं, पण टाइमटेबलवर दीड तास किंवा त्याहून थोडा जास्तच दिसतो. कारण कंपन्या नागपूरला विमान जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतचा पूर्ण वेळ धरतात, त्यात टॅक्सी म्हणजे विमानाचं जमिनीवरून रनवेपर्यंत सरकत जाणं आलं, हवेत वर चढणं-खाली उतरणं आलं, आणि मुख्य म्हणजे मुंबईचं आकाश आलं. तिथे दोन रनवे आहेत खरे पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो आणि गर्दीच्या वेळी नागपूरहून वेळेवर निघालेलं विमानही वरच घिरट्या घालून राहतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणजे अंतर फिक्स, वेळ मात्र बराचसा मुंबई ठरवते.

वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर खूप उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, तेव्हा मुंबईहून नागपूरला येताना मागून ढकल मिळते आणि जाताना तोच वारा तोंडावर. दोन्ही शहरांत सूर्योदयाचा फरक ढोबळ 25 मिनिटांचा, पण घड्याळ एकच असल्याने हिशोबात काही धरावं लागत नाही.

घरापासून घरापर्यंत मोजलं तर चित्र वेगळंच. वर्धा रोडवरून पोचणं (मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन आहे, ते बरं पडतं), दीड-दोन तास आधी हजर राहणं, सामानाच्या पट्ट्यापाशी थांबणं आणि मग मुंबईचं ट्रॅफिक, असे पाच-सहा तास आरामात जातात. रेल्वेने अंतर 837 किमी, गाडी रात्रभर घेते, पण झोपेत जातं म्हणून लोकांना चालतं. समृद्धी महामार्ग 701 किमीचा, जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, आठेक तासांचा म्हणतात, पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो, मुंबईत शिरायचा वेळ वेगळा.

नागपूरला हवाई अंतराचं महत्त्व जुनंच. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाची पोती अदलाबदल व्हायची आणि विमानं रातोरात परत जायची. चौघांची अंतरं अनुक्रमे 680, 850, 980 आणि 900 किमीच्या आसपास, त्यामुळे चौघांनाही एका रात्रीत येऊन-जाऊन जमेल अशी जागा नागपूरच होती.