टेस्टर दोन्हीकडे लागत नाही, तरी न्यूट्रल आणि अर्थ एक नव्हेत

वाशीत माझ्या आत्याच्या घरी स्वयंपाकघराच्या टाइल्स नव्या होत्या आणि ओव्हनसाठी पॉवर पॉइंट हवा होता. वायरमन म्हणाला, "काकू, भिंत फोडायला नको, शेजारच्या लाइटच्या बोर्डातून देतो." टाइल्स वाचणार म्हणून आत्याही खूश झाली. तीन महिन्यांनी ओव्हन अचानक बंद पडला. काय झालं बघायला तिने हात लावला आणि जोराचा झटका बसला. पायात रबरी चप्पल होती, म्हणून थोडक्यात निभावलं.

मेन बंद करून बोर्ड उघडला. लाइटच्या पाइपमध्ये दोनच वायरी होत्या, फेज आणि न्यूट्रल. सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्राला, म्हणजे अर्थला, न्यूट्रलपासूनच बोटभर वायरचा तुकडा जोडला होता. "टेस्टर दोघांवरही लागत नाही, मग फरक काय?" असं पुष्कळांना मनापासून वाटतं. फरक आहे, आणि तो जिवाशी खेळणारा आहे.

न्यूट्रल ही परतीची वाट. उपकरण चालू असेपर्यंत फेजमधून आलेला करंट न्यूट्रलमधून परत जातो. महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरपाशी ती जमिनीला जोडलेली असते, म्हणून टेस्टरचा दिवा लागत नाही. अर्थची वायर मात्र एरवी रिकामीच असते. उपकरणाच्या धातूच्या अंगापासून डीबीतल्या, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतल्या, अर्थपट्टीपर्यंत आणि तिथून इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत ती जाते. आत कुठे फेज अंगाला टेकली, तरच तिच्यातून करंट वाहतो.

आता आत्याकडे काय झालं ते पाहा. शेजारच्या लाइटच्या बोर्डातला न्यूट्रलचा जॉइंट सैल होऊन सुटला. परतीची वाट तुटली, म्हणून ओव्हन थांबला. पण फेज ओव्हनमधून फिरून न्यूट्रलच्या टोकापर्यंत पोचलेलीच होती, आणि ते टोक त्या बोटभर तुकड्याने, म्हणजे लूपने, ओव्हनच्या अंगाला बांधलेलं होतं. अख्ख्या पत्र्यावर 230 व्होल्ट. कुठे दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर काहीही न तुटता हेच होतं, आणि उपकरण मात्र व्यवस्थित चालत राहतं.

"आमच्याकडे एमसीबी आहे" हे उत्तर इथे पुरत नाही. एमसीबी जादा लोड आणि शॉर्टसाठी असते. सोळा अँपिअरची सी प्रकारची एमसीबी तत्काळ पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. माणसाला मारायला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. त्यापासून वाचायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारी यंत्रणा, हवी. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून आलेला करंट ताडून बघते. खरी अर्थ असेल, तर उपकरणात गळती होताच ती पडते, कुणी हात लावायच्या आधीच. लूप असेल, तर गळती न्यूट्रलमधूनच परत जाते, हिशेब जुळतो आणि आरसीसीबी गप्प राहते. माणसाच्या अंगातून करंट जाईल तेव्हाच तिला कळेल. तिचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते, पण त्यावरून सॉकेटला खरी अर्थ आहे हे ठरत नाही.

तयार भिंतीत नवा पॉइंट घेताना म्हणून एकच गोष्ट आधी विचारा: हिरवी, म्हणजे अर्थची, वायर कुठून येणार? डीबीतल्या अर्थपट्टीपासून आली पाहिजे. जुन्या पाइपमध्ये जागा असेल, तर स्प्रिंग टाकून ओढता येते. पण पॉवर पॉइंटसाठी नुसती हिरवी वाढवून भागत नाही. लाइटची बारीक वायर ओव्हनचा लोड पेलत नाही. डीबीतून स्वतंत्र एमसीबीवर 2.5 चौरस मिलिमीटरच्या तीन वायरी आणाव्या लागतात. पाइप चोंदला असेल, तर खाच मारावी, तीही सरळ उभी किंवा आडवी, म्हणजे पुढे ड्रिल मारताना वायर कुठे असेल याचा अंदाज येतो. प्लास्टर करण्याआधी फोटो काढून ठेवावा.

जुन्या पॉइंटची शंका असेल, तर वायरमनला मल्टिमीटर आणायला सांगा. त्याच सर्किटवर इस्त्री चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्ट मोजायचे. लोडवर तिथे थोडा तरी फरक दिसतो. अगदी शून्य आलं, तर लूपचा संशय घेऊन मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा.

आत्याने टाइल्स फोडल्या नाहीत. डीबीपासून दारावरून केसिंग पट्टी आणली आणि तिच्यातून तीन वायरी. पट्टी दिसते, पाहुणे विचारतातही, आणि आत्या त्यांना तिच्यात हिरवी वायर का आहे ते समजावून सांगते.