घरगुती पीसीबी : प्रिंट मिरर करावी की करू नये?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील आमच्या दुकानातून कॉपर बोर्ड (तांब्याचा थर असलेला बोर्ड) आणि ग्लॉसी कागद नेऊन घरी पीसीबी, म्हणजे सुटे भाग तांब्याच्या रेषांनी जोडणारा सर्किट बोर्ड, करणारे अनेक ग्राहक प्रिंट काढताना आवर्जून सांगतात, ‘मिरर करूनच (आरशातल्यासारखी उलटी) द्या.’ त्यांपैकी काही जण आठवड्याभरात डोंबिवली-विरारहून पुन्हा फेरी मारतात, कारण आयसीचे (चिपचे) पाय उलटे आलेले असतात. साहित्यात कोणताही दोष नसताना ग्राहकाचा वेळ आणि पैसा वाया जातो, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे माहितीपत्रक.

पीसीबीचे सॉफ्टवेअर बोर्डाकडे नेहमी वरून, म्हणजे सुटे भाग बसवायच्या बाजूने पाहते आणि खालचे तांबे बोर्ड पारदर्शक असल्यासारखे दाखवते. त्यामुळे स्क्रीनवरचा खालचा लेयर (तांब्याचा थर) मुळातच उलटा असतो. प्रिंटचा टोनर तांब्यावर उतरवण्यासाठी ती पालथी ठेवून इस्त्री फिरवली की चित्र एकदा उलटते आणि तांब्यावर सरळ उमटते. आपण वेगळे मिरर केले, तर ते पुन्हा उलटे होते. म्हणून पाय आरपार जाणाऱ्या भागांच्या एकपदरी बोर्डासाठी खालचा लेयर मिरर न करता छापावा. तांबे आणि भाग एकाच बाजूला असलेल्या एसएमडी (भोकांशिवाय पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या भागांच्या) बोर्डासाठी वरचा लेयर मात्र मिरर करावाच लागतो.

ही चूक शेवटपर्यंत लपून राहते. ट्रॅक (तांब्याच्या रेषा) स्वच्छ येतात, भोके जुळतात, जोडणी तपासणारा मीटरही बरोबर वाजतो. ५५५ या टायमर आयसीत १ क्रमांकाचा पाय ग्राउंडचा आणि त्याच्या अगदी समोरचा ८ क्रमांकाचा पाय सप्लायचा असतो. मिरर झालेल्या बोर्डावर या दोघांची अदलाबदल होते आणि वीज देताच आयसी जळतो. ७८०५ (व्होल्टेज रेग्युलेटर) सारखा तीन पायांचा भाग निदान फिरवून बसवता येतो, आयसी कसाही फिरवला तरी जुळत नाही.

यासाठी एक सोपी खात्री करून घ्यावी. छापील बाजू वर ठेवून प्रिंट टेबलावर पसरावी आणि आयसीच्या १ क्रमांकाचा चौकोनी पॅड (पाय सोल्डर करायचा तांब्याचा ठिपका) वरच्या टोकाला येईल असा कागद फिरवावा. आता खाच वर ठेवून आयसी पॅडवर उभा करावा. चौकोनी पॅड डाव्या रांगेत, म्हणजे पहिल्या पायाखाली आला, तर प्रिंट बरोबर आहे. उजवीकडे आला, तर ती मिरर झालेली आहे. याच वेळी मापही तपासले जाते. ‘फिट टू पेज’मुळे प्रिंट ९७ टक्के झाली, तर ४० पायांच्या आयसीत शेवटचा पाय सुमारे दीड मिलिमीटर सरकतो.

ही खात्री झाल्याखेरीज आम्ही बोर्ड कापत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रोजेक्टच्या दिवसांत रांगेतल्या ग्राहकांना हा खोळंबा वाटतो, हे आम्ही जाणतो; परंतु कापलेला बोर्ड परत घेता येत नाही, म्हणून हा आग्रह आहे. फोनवरच्या चित्राचे माप भरवशाचे नसल्याने पीडीएफ फाइलच आणावी. लेझर प्रिंट येथेच काढून मिळते; इंकजेटची शाई तांब्यावर उतरत नाही.

पुढची कृती बहुतेकांना ठाऊक आहे. तांबे इतके घासावे की पाण्याचे थेंब न होता सलग पातळ थर पसरेल, आणि त्यानंतर त्याला बोट लावू नये. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत घासलेले तांबे लवकर काळवंडते, म्हणून लगेच इस्त्री करावी. कागद ओढून काढू नये. पाण्यात पूर्ण भिजू द्यावा आणि अंगठ्याने चोळून सोडवावा. एचिंगला, म्हणजे नको असलेले तांबे विरघळवायला लागणाऱ्या फेरिक क्लोराइडसाठी प्लास्टिकचेच भांडे घ्यावे, पाण्यात पावडर थोडीथोडी घालावी आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये, कारण त्यात तांबे विरघळलेले असते.

उलटी प्रिंट एचिंगपूर्वी लक्षात आली, तर टोनर थिनरने पुसून तोच बोर्ड पुन्हा वापरता येतो. एचिंगनंतर लक्षात आली तरी बोर्ड टाकून देऊ नये: आयसी तांब्याच्या बाजूने बसवून तिथेच सोल्डर केला, तर पाय योग्य क्रमाने येतात. त्यासाठी बोर्ड घेऊन या, नव्याची गरज आहे की नाही ते आम्ही पाहून सांगू.