प्रतिजैविक-प्रतिरोध

ज्या प्रतिजैविक औषधाने रोगकारक जिवाणू मरायला हवेत, त्याच औषधाच्या नेहमीच्या मात्रेत ते तग धरून वाढत राहतात, तेव्हा त्या स्थितीला प्रतिजैविक-प्रतिरोध म्हणतात. सांगली-साताऱ्याकडच्या बोलण्यात हे ‘औषध लागू पडत नाही’ किंवा ‘अंगाला गोळ्यांची सवय झाली’ असे येते. यातले पहिले बरोबर, दुसरे चूक. बदल अंगात होत नाही, जिवाणूंच्या वस्तीत होतो. म्हणूनच जन्मात गोळी न घेतलेल्या धडधाकट माणसालाही प्रतिरोधी जंतूची लागण होऊ शकते.

खरे तर सवय जिवाणूलाही होत नाही. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने १० तासांत एकाचे १०० कोटींवर जातील. इतक्या नकला उतरवताना डीएनएत चुका होणारच. बहुतेक चुका वाया जातात, पण एखादीमुळे औषध निष्प्रभ ठरते. औषध आले की बाकीचे मरतात आणि मोकळ्या रानात त्या एकट्याची पैदास होते. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञ दांपत्याने हे मखमलीच्या तुकड्याने दाखवले. जिवाणूंच्या वसाहतींवर मखमल टेकवून तिचे ठसे औषध घातलेल्या बश्यांवर उमटवले, तेव्हा दरवेळी त्याच त्या जागच्या वसाहती तगल्या. म्हणजे प्रतिरोधी जिवाणू औषधाची गाठ पडण्याआधीच तिथे होते.

तगण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे विकर (एन्झाइम) तयार करून पेनिसिलिनचा रेणू फोडतात. हे विकर १९४० मध्येच नोंदले गेले, पेनिसिलिन दवाखान्यांत रुळण्याही आधी. काही औषध पंपासारखे बाहेर फेकतात, तर काही औषध जिथे चिकटते ती जागाच बदलतात.

हा गुण वारशानेच मिळतो असे नाही. प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांवरून तो शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही दिला जातो. क्षयाचा जिवाणू याला अपवाद. त्याची सारी भिस्त स्वतःच्या चुकांवर. एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिले की सुरुवातीला सुधारलेले रुग्ण पुन्हा खालावत, हे १९४८ च्या ब्रिटिश चाचणीतच दिसले. म्हणून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देतात: एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडावा.

प्रतिरोधाचे मूळ फक्त दवाखान्यात शोधणे अपुरे आहे. आटपाडी-जतच्या डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग पडला की स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पाण्यात कालवून फवारत. यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते, म्हणजे माणसाचीच औषधे. शेतीतला हा वापर थांबवण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२१ मध्ये काढला. गोठ्यातही तेच. दगडी (कासेचा दाह) झालेल्या म्हशीच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडल्यावर ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालायचे नसते. घरी त्याला विरजण लावले तर बरेचदा दही लागत नाही. विरजणातले जिवाणूच मेलेले असतात. दुधातल्या औषधाची याहून सोपी खूण सापडणार नाही, मात्र दही लागले म्हणजे दूध निर्धोक, असेही नव्हे.

रुग्णाच्या शरीरातला जंतू कशाला दाद देईल हे कल्चर तपासणीत कळते. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हा शब्द रुग्णांच्या नातेवाइकांच्याही तोंडी असतो. अगार या जंतू वाढवायच्या फिकट पिवळसर जेलीच्या बशीवर जंतू पसरून त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात. एका रात्रीत बशीभर धुरकट साय धरते. लागू पडणाऱ्या चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो आणि तो पट्टीने मोजतात. ज्या चकतीचा उपयोग नाही, तिच्या अगदी कडेपर्यंत साय चढलेली असते.