चावी हातात आहे, तरी गाडी म्हणते चावी नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी आईला घेऊन पुण्यातल्या मंडईत गेलो होतो, पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर गाडी, मागच्या सीटवर आई, मांडीवर कोथिंबिरीची जुडी आणि अळूची पानं, आणि मी ब्रेकवर पाय ठेवून स्टार्टचं बटण दाबतोय तर काहीच नाही. म्हणजे गाडी पूर्ण मेलीय असंही नाही, स्क्रीन चालू आहे, त्यावर किल्लीचं चित्र आणि चावी सापडत नाही असा मेसेज. चावी माझ्या हातात! मी ती स्क्रीनसमोर नाचवून पण दाखवली, जणू गाडीला डोळे आहेत. आई मागून म्हणाली, "अरे मग चावी लाव ना." लावायला भोकच नाहीये हे तिला काय सांगणार.

पार्किंगच्या पावत्या फाडणारे काका दोन मिनिटं लांबून बघत होते, मग आले आणि म्हणाले, "साहेब, चावी बटणाला टेकवा आणि चावीनेच बटण दाबा." टेकवली, दाबलं, गाडी सुरू. काकांनी कसलंही स्पष्टीकरण दिलं नाही, पुढच्या गाडीची पावती फाडायला गेले, ते स्पष्टीकरण मी नंतर शोधत बसलो.

मुळात हे बटण म्हणजे घरातल्या पंख्याच्या बटणासारखं नाही. जुन्या काळी गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून ती फिरवायला लागायची, मग १९१२ साली चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि हात मोडायची भीती गेली. पुढे चावी फिरवली की तारा जोडल्या जायच्या आणि सेल्फ (इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर) लागायचा, साधा हिशोब. आताचं बटण मात्र फक्त अर्ज करतं. कॉम्प्युटर बघतो की चावी आत आहे का, ब्रेक दाबलाय का (मॅन्युअल असेल तर क्लच), ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलला आहे का, आणि सगळं पटलं तरच सेल्फकडे करंट जातो. त्यामुळे बटण चालत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बटण बिचारं बहुतेक वेळा ठणठणीत असतं, अर्जच नामंजूर झालेला असतो.

चावीचं प्रकरण यातलं सगळ्यात मजेशीर. बटण दाबलं की गाडीत ठिकठिकाणी लपवलेल्या अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतात. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी २,४०० मीटर, म्हणजे जवळपास स्वारगेटपासून शनिवारवाड्यापर्यंत एकच लाट! एवढीशी अँटेना असली लाट लांब फेकूच शकत नाही, तिच्या भोवती फक्त चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि अंतर दुप्पट झालं की ते एक अष्टमांश होतं. कंपन्यांना नेमकं हेच हवं असतं, चावी आत आहे की बाहेर टपरीवर चहा पितेय हे कळायला हाक मीटर-दीड मीटरच्या पुढे जायलाच नको. हाक ऐकून चावी जागी होते आणि उत्तर देते ते मात्र वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. गाडी दर वेळी नवीन गणित घालते आणि चावी गुप्त कोड वापरून ते सोडवते, म्हणजे कालचं उत्तर चोरून आज गाडी सुरू करता येत नाही. (जाता जाता, आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आकाश ऐकते त्यातल्या एका पट्ट्यात हे ४३३ पण बसतं. तिथल्या लोकांना आपल्या असल्या यंत्रांचा किती वैताग येत असेल.)

आता हे उत्तर द्यायला चावीत सेल लागतो, बऱ्याचदा सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. नुसतं कान देऊन बसायला चावीला अगदी नगण्य करंट लागतो पण उत्तर द्यायच्या क्षणी एकदम जास्त, आणि सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो, नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज बसतं. म्हणून मीटर लावला तर सेल चांगला दिसू शकतो आणि कामाच्या वेळी दगा देतो. खूण आधीच मिळत असते खरं तर, पूर्वी जिन्यातून लॉक व्हायची ती गाडी आता अगदी जवळ गेल्याशिवाय लॉक होत नाही. मला महिनाभर दिसत होतं, मी दुर्लक्ष केलं.

मग काकांची युक्ती सेल संपत आल्यावर पण कशी चालली? चावीत आणखी एक चिप आणि तारेचं छोटं वेटोळं असतं, त्याला सेल लागतच नाही. बटणाजवळच्या कॉइलचं बदलतं चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यात वीज तयार करतं, तेवढ्यावर चिप जागी होऊन आपली ओळख सांगते. मेट्रोचं कार्ड गेटला टेकवतो ना, तत्त्व तेच, त्या कार्डात कुठे सेल असतो? बऱ्याच गाड्यांत चावीनेच बटण दाबायचं, काहींत स्टिअरिंगच्या बाजूला किंवा कप होल्डरमध्ये खास जागा असते, ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा. आणि दारच उघडत नसेल तर चावीच्या पोटात एक साधी पत्र्याची चावी लपलेली असते, ती बऱ्याच जणांनी आयुष्यात काढून पाहिलेली नसते.

चावीचा मेसेज नाही, पण इंजिन न लागता नुसतेच डॅशबोर्डचे दिवे लागतात, असं असेल तर संशय ब्रेकवर. पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो, तोच मागचे ब्रेक लाइट लावतो, तेव्हा कोणालातरी मागे उभं करा आणि लाल दिवे लागतात का विचारा, लागत नसतील तर गाडीला तुमचा पाय कळतच नाहीये. यात एक गंमत आहे. इंजिन बंद असताना घाबरून चार-पाचदा ब्रेक दाबला की बूस्टरमधला (ब्रेक हलका करणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं कडक होतं आणि नेहमीच्या जोराने दाबलं तर स्विच चालू होण्याइतकं खाली जातच नाही. अशा वेळी दाबायचा म्हणजे चांगला रेटून दाबायचा. चाक फुटपाथला अडकून स्टिअरिंगचं लॉक फसलेलं असेल तर स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवत बटण दाबायचं, एवढंच.

आणि सगळाच अंधार असेल, किंवा बटण दाबलं की टिकटिकटिक आवाज, तर मोठी बॅटरी. इथे लोक फसतात, हेडलाइट लागतायत म्हणजे बॅटरी चांगली असं समजतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन मिळून ९ अँपिअर खातात, सेल्फ एका झटक्यात शंभर-दीडशे किंवा जास्तच मागतो. टिकटिक का होते तर रिले (सेल्फला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत ओढला जातो. इंजिन बंद ठेवून काही तासांनी मोजलं तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. कोथरूड ते डेक्कन असल्या छोट्या फेऱ्यांत, एसी आणि वायपर चालू, सिग्नलला उभं, मग चार्जिंग भरून कधी निघणार. नवी बॅटरी घ्यायच्या आधी टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आलीय का तेही बघा, गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करून (आधी निगेटिव्ह तार काढायची) कितीतरी गाड्या उठल्यात. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपरच्या तारा लावताना शेवटचा काळा चिमटा मेलेल्या बॅटरीला नाही, तर लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचा, कारण तिथे ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

असो. मंडईतून निघून पासोड्या विठोबाजवळून नवीन सेल घेतला, विषय संपला असं वाटलं. पंधरा दिवसांनी बाणेरला परत तोच मेसेज. सेल कोरा करकरीत, आणि चावी गिअरपुढच्या ट्रेमध्ये, फोनला चिकटून. तो ट्रे म्हणजे वायरलेस चार्जर आणि असले चार्जर साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झमध्ये काम करतात, म्हणजे गाडी १२५ वर हाक मारतेय आणि शेजारी त्याच सुरात हा ढोल बडवतोय. मंडईत पण चावी आधी तिथेच ठेवली होती हे तेव्हा आठवलं. फोन उचलून मागे आईकडे दिला, बटण दाबलं, लागली. आईने विचारलं, "ह्या वेळी टेकवली नाहीस?"