शेतातलं ते वर्तुळ एलियनचं नाहीये

परवा फॅमिली ग्रुपवर तो फोटो परत आला. वरून काढलेलं शेत, त्यात गोल गोल हिरव्या कड्या आणि खाली मजकूर, "एलियन उतरले होते, नासा गप्प का?" फोटो खरा आहे, मजकूर बोगस. जुलै 2018 मध्ये आयर्लंडला पाऊस जवळजवळ नव्हताच, त्या दिवसांत अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स या दोघांनी न्यूग्रेंजच्या प्राचीन थडग्याजवळ ड्रोन उडवले आणि स्क्रीनवर हे वर्तुळ दिसलं. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी खंदक खणून, खांब रोवून केलेलं गोल आवार, त्याला तिकडे हेंज म्हणतात. शेतात उभं राहून बघाल तर नुसतं पीक.

मग पिकाला कसं कळलं? मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. जमीन एकदा खणली की ती परत पहिल्यासारखी होत नाही. समजा खडी-वाळूच्या जमिनीत खंदक खणला, माणसं निघून गेली, मग वर्षानुवर्षं त्यात गाळ, पालापाचोळा, वरची कसदार माती वाहून आली आणि तो भरला. वरून नांगर फिरून सगळं सपाट झालं, पण नांगर जाणार फूटभर, त्याच्या खाली खंदक तसाच.

आता पाण्याचं बघा. माती पाणी धरून ठेवते आणि मुळांना ते ओढून घ्यावं लागतं. चांगली ओल असते तेव्हा एक तृतीयांश बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) एवढी ओढ पुरते, माती सुकेल तशी ती वाढत जाते आणि 15 बारच्या आसपास बहुतेक पिकं हात टेकतात (कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या). खडीतली छिद्रं मोठी, त्यातलं पाणी आपल्या वजनानेच खाली निघून जातं. निव्वळ चिकणमातीत पाणी रग्गड, पण छिद्रं इतकी बारीक की बरंचसं पाणी 15 बारच्या पलीकडेच अडकून बसतं. खंदकातला गाळ या दोघांच्या मधला, म्हणजे मुद्दा एकूण पाणी किती हा नाहीच, मुळांना ओढता येईल असं किती हा आहे. बार-बिर डोक्यावरून गेलं असेल तर सोडा, एवढंच लक्षात ठेवा की पाऊस ताणला की आजूबाजूचं पीक पिवळं पडतं आणि खंदकावरचं बार्ली-गहू हिरवं, उंच राहतं. खाली दगडी भिंत असेल तर बरोब्बर उलटं. आणि पाऊस नीट झाला तर सगळ्यांनाच पाणी, चित्र गायब.

ही युक्ती नवीन नाही. 1925 मध्ये गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला इंग्लंडमधल्या स्टोनहेंजजवळ (उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ) असंच वर्तुळ दिसलं, पुढच्या उन्हाळ्यात पिकात ठिपक्यांच्या कड्या उमटल्या आणि खणल्यावर लाकडी खांबांचे खड्डे निघाले. त्याच परगण्यात नंतर पीक आडवं पाडून केलेल्या नक्ष्यांची एलियनवाली हवा झाली, ती 1991 मध्ये दोन म्हाताऱ्यांनी "फळी-दोरी घेऊन आम्हीच करायचो" म्हटल्यावरही पूर्ण गेली नाही. आपण तरी काय हसायचं, आपल्याकडे अजून गुप्तधन शोधायला पायाळू माणूस लागतो म्हणे! त्यापेक्षा आपले जुने शेतकरी शहाणे, उठलेल्या गावठाणाची माती वेगळी असते हे ओळखून त्यांनी तिला पांढरी असं नावच दिलं, आणि गाड्या भरभरून ती खत म्हणून शेतात नेली (पुरातत्त्ववाल्यांचं नुकसान झालं, तो भाग वेगळा).

स्टोनहेंजचा किस्सा तर कहर आहे. 2013 च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या गवताला पाणी मारायचा पाईप आखूड पडला, पूर्ण वर्तुळापर्यंत पोचलाच नाही. पाणी न मिळालेल्या भागात गवत ठराविक जागीच करपलं, ते तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं, आणि त्या जागा निघाल्या गायब दगडांच्या.